झोळ

त्या दिवशी बाबांना डोळे तपासायला घेऊन चालले होते. गाडी त्यांचीच. वीसेक वर्षं त्यांनी चालवलेली आणि नजर कमी झाल्यावर, फारसं काही न बोलता, किल्ली माझ्या हातात ठेवून सोडून दिलेली पिकअप. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. बाबा शेजारच्या सीटवर बसले, पट्टा ओढून घेतला आणि मान खाली घातली. आधी वाटलं, खिशात काही शोधताहेत. मग वाटलं, डुलकी लागली असेल. एका वळणावर तिरक्या नजरेनं पाहिलं तर डोळे टक्क उघडे, नजर स्वतःच्या गुडघ्यांवर. खांदे आत ओढलेले, पाठीला बाक, हनुवटी छातीशी. पाऊण तास ते तसेच बसून होते. मी गिअर बदलत होते आणि मनात त्यांच्या वयाची बेरीज-वजाबाकी चालली होती. हे कधी झालं? रोज डोळ्यांसमोर वावरणारा माणूस इतका वाकला आणि आपल्याला दिसलं कसं नाही? भरलेली पोती एकट्यानं हौद्यात टाकणारी ती पाठ. आवंढा आला तो गिळला आणि उगाचच हवेबद्दल काहीतरी बोलले. मान न उचलता ते नुसतं ‘हं’ म्हणाले.

पोहोचल्यावर दार उघडून ते खाली उतरले, शर्ट झटकला आणि हात मागे बांधून ताठ उभे राहिले. नेहमीसारखे, माझ्या रेंगाळण्याला कंटाळलेले. त्यांच्या पांढऱ्या केसांवर नारिंगी भुकटी पडली होती.

बाबा वाकले नव्हते. त्यांच्या डोक्यावर छताचं कापड लोंबत होतं.

हसू यायला हवं होतं, आलंही थोडं. पण परतताना ते पुन्हा तसेच मान घालून बसले, तेव्हा मात्र राहवलं नाही. म्हटलं, “बाबा, सांगायचं नाही का?” तर म्हणाले, “काय सांगायचं? कापड आहे. खाली येणारच.” एवढंच. नंतर रात्री अंथरुणावर पडल्यावर मला वेगळंच काहीतरी टोचत राहिलं. कापडाचा दोष मी किती चटकन बाबांच्या नावावर मांडून टाकला होता. जणू मी त्या वाकण्याची वाटच बघत होते. आणि दुसरं, त्याहून वाईट. उतरल्यावर ते ताठ उभे राहिले हे खरं, पण पूर्वीइतके ताठ होते का? त्या बाकामध्ये कापडाचा वाटा किती आणि बाबांचा किती, हे कापड हटवल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

गाडीचं छत खाली यायला लागलं त्याला पाच-सहा वर्षं तरी झाली असतील. सुरुवात नेहमीप्रमाणे मागच्या काचेच्या वरच्या काठाला झाली. तिथे ऊन जास्त. आधी एक फुगा आला, तळहाताएवढा. दाबला की बसायचा, थोड्या वेळानं पुन्हा फुगायचा. मग दुसरा. मग दोन्ही एक झाले आणि मागची काच वरून अर्धी झाकली गेली, आरशात बघावं तर रस्ता खाली आणि वर राखाडी ढग. खिडक्या उघड्या ठेवून जरा वेग घेतला की ते कापड शिडासारखं फडफडायचं. बाबांनी त्यावर त्यांच्या परीनं इलाज केला होता. आईच्या शिवणाच्या डब्यातल्या रंगीत मण्यांच्या टाचण्या त्यांनी छताला टोचल्या होत्या. लाल, पिवळ्या, मोतिया. सगळ्या चालकाच्या बाजूला. शेजारच्या बाजूला एकही नाही. आई गेल्यापासून त्या सीटवर कोणी बसतच नव्हतं, टाचण्या कुणासाठी मारायच्या? गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी टाचण्यांच्या बाजूला बसायला लागले आणि दुसऱ्या बाजूचं छत हळूहळू खाली येत राहिलं, ते माझ्या डोक्याला लागत नसल्यामुळे मला दिसलंही नाही.

गॅरेजमध्ये त्याला रूफ लायनिंग म्हणतात, कोणी हेडलायनर म्हणतं. मला अस्तर हाच शब्द बरा वाटतो, कारण मी अस्तरांच्या घरात वाढले. आई कपडे शिवायची. पलंगावर कायम कुणाचं तरी उलटं केलेलं पोलकं पडलेलं असायचं, आणि तिचा सगळा जीव त्या उलट्या बाजूत. वरचं कापड आणि अस्तर यांची चाल जुळली नाही की झोळ पडतो, असं ती म्हणायची. एक कापड ताणलं जातं, दुसरं तसंच राहतं, आणि मधली तफावत कुठेतरी लोंबायला लागते. झोळ काढायचा तर वरून इस्त्री फिरवून भागत नाही, उसवावंच लागतं. मी मात्र आधी इस्त्रीच फिरवली.

म्हणजे असं की, गेल्या उन्हाळ्यात मी स्प्रेचा गोंद आणला, कापडाचा सुटलेला काठ उचलून आत नळी घातली आणि फवारलं. वरून तळव्यानं दाबलं. छत झकास बसलं. आठ दिवस मी त्या छताकडे अशी बघत होते की जणू ते मी स्वतः विणलंय. नवव्या दिवशी दुपारी गाडी उन्हात उभी होती. परत आले तर कापड पुन्हा खाली, आणि आता त्यावर गोंदाचे तपकिरी डाग. स्वस्तातला गोंद, असं म्हणून मी तो विषय मिटवला. खरं कारण गोंदात नव्हतंच, पण ते कळायला पुठ्ठा बाहेर काढावा लागला.

वाचत गेले तेव्हा उलगडलं की हे अस्तर तीन थरांचं असतं. सगळ्यात वर, पत्र्याच्या बाजूला, साच्यात घडवलेला एक मोठा पुठ्ठा. पुठ्ठा म्हणायचं, पण माझ्या गाडीत तो काचतंतू आणि राळ यांचा दाबून केलेला होता. खाली आपल्याला दिसतं ते विणलेलं पातळ कापड. आणि मध्ये फोमचा एक थर, जेमतेम तीन मिलिमीटरचा, कारखान्यातच कापडाला चिकटवून आलेला. लोकांना वाटतं गोंद सुटला, कापड सैल झालं. कापड ठणठणीत असतं, आणि गोंद आपल्या जागी पुठ्ठ्याला घट्ट धरून असतो. मरतो तो मधला फोम. तो पॉलियुरेथेनचा. ऊन, दमट हवा आणि वर्षं एवढ्यावर त्याचं काम होतं. हवेतली वाफ त्याच्या लांबलचक साखळ्यांमध्ये शिरते आणि त्या एकेका सांध्यावर तोडत जाते. बंद गाडीतली हवा उन्हात पन्नास-साठ अंशांपर्यंत सहज जाते, आणि छताचा पत्रा तर त्याहून तापलेला, त्यामुळे हे काम तिथे जोरात चालतं. काही वर्षांनी फोमची आधी चिकट माती होते, मग कोरडी भुकटी. मी फवारलेला गोंद त्या भुकटीला चिकटला होता. भुकटी कशालाच चिकटलेली नव्हती.

कपाटात जपून ठेवलेले चांगले बूट आठवले. कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले, न वापरलेले. पाच-सात वर्षांनी घालून बाहेर पडावं आणि वीस पावलांत तळ गळून पडावा. तोही बहुतेक वेळा हाच प्रकार, हेच रसायन. वापरलं नाही म्हणून टिकलं असं या पदार्थाच्या बाबतीत होत नाही. संग्रहालयांत जुन्या वस्तू सांभाळणाऱ्यांना तर फोमची खेळणी आणि खुर्च्या म्हणजे डोकेदुखी, लोखंड-लाकडापेक्षा आधी जातात. पॉलियुरेथेन बनवलं ते जर्मनीत लेव्हरकुसेनला, १९३७ साली, ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. (आडनाव बायर, काम केलं तेही बायरच्या जुन्या कारखान्यात, पण त्या कंपनीच्या संस्थापक घराण्याशी याचं नातं नव्हतं. मला ही असली माहिती उगाच लक्षात राहते.) मऊ फोम बाजारात आला १९५० च्या दशकात आणि मग गाद्या, सीटा, बूट, छतं, सगळीकडे तोच भरला गेला.

त्याआधीच्या गाड्यांना फोम नव्हता आणि त्यांचं छत पडायचंही वेगळ्या तऱ्हेनं. कापडाला उलट्या बाजूनं आडवे नेफे शिवलेले असत, त्यातून कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी सळया ओवत, सळयांची टोकं दोन्ही बाजूंच्या भोकांत बसवत आणि कापड चहूबाजूंनी ताणून काठाला चिकटवत. म्हणजे मांडणी पडद्याची, फक्त आडवी. हे वाचल्यावर मला क्षणभर वाटलं की आईला त्या कामावर बसवलं असतं तर तिनं एका दिवसात शिकून दुसऱ्या दिवशी चुका काढल्या असत्या. पुठ्ठ्याचं साचेबंद छत आलं तेव्हा शिवण गेली. शिवण उसवते, पण ती कुठे उसवली हे दिसतं. फोम आतल्या आत संपतो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी सावलीत लावली. बाबा खुर्ची घेऊन येऊन बसले. मदतीला नव्हे, देखरेखीला. “बॅटरीची तार काढलीस?” हा पहिला प्रश्न. काढली होती, पण पुन्हा जाऊन बघून आले. आमच्या गाडीत एअरबॅगा नाहीत. नव्या गाड्यांत छताच्या काठानं पडद्यासारख्या घडी घालून ठेवलेल्या असतात, तिथे हा खेळ माहीत नसलेल्यानं खेळू नये. आमच्याकडे धोका होता तो प्लॅस्टिकचा. वीस वर्षं उन्हात भाजलेलं प्लॅस्टिक पापडी धरलेल्या मातीसारखं असतं, हात लावला की तडकतं. उन्हाच्या झापांचे तीन-तीन स्क्रू निघाले. दिव्याची काच निघाली, तिच्यात मेलेल्या किड्यांचा छोटा ढीग. हाताचं हँडल, पट्ट्याच्या वरच्या टोकाचं झाकण, दाराच्या कडेचं रबर. समोरच्या काचेशेजारच्या खांबांची आवरणं क्लिपांवर असतात, ती ओढताना दोन क्लिपा तुटल्या. तुटल्याचा आवाज बाबांना बरोबर ऐकू आला. डोळे गेले तसे कान तीक्ष्ण झालेत. “मोजून ठेव,” म्हणाले, “नंतर तेवढ्या आणाव्या लागतील.” रागावतील असं वाटलं होतं.

शेवटचं हँडल निघालं आणि पुठ्ठा अलगद माझ्या डोक्यावर येऊन टेकला. सीटच्या पाठी आडव्या पाडलेल्या, मी दोन सीटांच्या मध्ये गुडघ्यांवर, डोक्यावर छत. गाडीचं छत प्रत्यक्षात किती हलकं असतं हे मला माहीत नव्हतं. तीन-चार किलोसुद्धा नसेल. पण आकार अडनिडा, आणि वाकवला तर मधोमध घडी पडून कायमचा जातो. तिरका करून, एक कोपरा आधी दाराबाहेर काढून, मग दुसरा, असा तो निघाला. बाहेरचं टोक बाबांनी धरलं होतं. देखरेख करणारा माणूस न सांगता कधी उठून आला ते मी पाहिलं नाही.

मोकळ्या छताखाली बसून वर पाहिलं. नुसता पत्रा, आडव्या दोन पट्ट्या, पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये वाळलेल्या लांबीचे ठिपके, एका बाजूनं गेलेली दिव्याची तार. बोटाच्या पेरानं टकटक केलं तर सगळी केबिन डब्यासारखी वाजली. अस्तर नुसतं शोभेचं नसतं, आवाज आणि उष्णता दोन्ही तेच गिळत असतं, हे तेव्हा कळलं. दुपारी गाडी सावलीसाठी दहा हात पुढे घ्यावी लागली, तेवढ्यात इंजिनचा आवाज डोक्यात असा घुमला की आपण वेगळीच, रागीट गाडी चालवतोय असं वाटलं.

पुठ्ठा दोन स्टुलांवर उताणा ठेवला आणि टाचण्या काढायला बसले. आता नीट दिसल्या. बाबांनी त्या सरळ खुपसल्या नव्हत्या. सरळ टाचणी गाडीच्या हादऱ्यांनी गळून पडते. प्रत्येक टाचणी तिरकी, आणि लागोपाठच्या दोन टाचण्यांचे कल उलटसुलट, म्हणजे एक कापडाला इकडे ओढणार, दुसरी तिकडे. दोन टाचण्यांतलं अंतर चार बोटं. कुठेही साडेतीन नाही, पाच नाही. आईच्या शिवणाला आयुष्यभर ‘तुझं ते टाचण’ म्हणणाऱ्या माणसानं हे कधी पाहून ठेवलं होतं? मी विचारलं नाही. एकसष्ट टाचण्या निघाल्या. डब्यात परत टाकल्या.

चालकाच्या डोक्याच्या बरोबर वर कापडावर एक काळपट गोल डाग होता.

तो डाग मला लहानपणापासून माहीत होता. बाबा उंच. खड्ड्यात गाडी आदळली की त्यांचं डोकं छताला लागायचं आणि ते त्या खड्ड्याच्या नावानं काहीतरी पुटपुटायचे. पुढे पुढे आदळायचीही गरज नव्हती, ते बसायचेच असे की केस कापडाला घासले जात. आम्ही मुलं मागच्या हौद्यात बसून काचेतून ते डोकं बघायचो, छताला टेकलेलं, जणू छत त्यांनीच पेलून धरलंय. डागाच्या मधोमध बोट ठेवलं तर कापड गुळगुळीत लागलं, वीण झिजून सपाट झालेली.

कापड ओढलं. ते एखाद्या साय धरलेल्या पापुद्र्यासारखं, अजिबात प्रतिकार न करता, एका हिसक्यात आलं, आणि सगळीकडे नारिंगी धूळ. हे काम नाका-तोंडाला फडकं बांधूनच करावं. मागे पुठ्ठ्यावर फोमची बुरशीसारखी साल राहिली होती, काही ठिकाणी कोरडी, काही ठिकाणी बोटाला चिकटणारी. ती खरवडणं हेच खरं काम, बाकी सगळी हौस. तारेचा ब्रश वापरला तर पुठ्ठ्याचे तंतू उखडतात, म्हणून नायलॉनचा कडक ब्रश. घासायचं, झटकायचं, हात फिरवायचा, पुन्हा घासायचं. हात फिरवूनच कळतं, डोळ्यांना सगळं साफ दिसतं. एक खडा जरी राहिला तरी नव्या कापडातून तो पुटकुळीसारखा दिसणार, आणि जिथे जुना फोम उरला तिथूनच नवा सुटायला लागणार. दोन तास गेले. काचतंतू मनगटांत घुसून खाज सुटली ती दोन दिवस पुरली. एका कोपऱ्यात पुठ्ठा चिरला होता, त्याला मागून जाड कापडाची पट्टी चिकटवून आधार दिला. मधूनच बाबा येऊन पुठ्ठ्यावर तळवा फिरवायचे आणि एखाद्या जागी थांबायचे. ती जागा मी पुन्हा घासायची.

नवं कापड आणलं होतं ते फोम लावलेलंच. इथे पुष्कळ लोक फसतात. नुसतं चांगलं कापड आणून चिकटवतात आणि मग पुठ्ठ्याची प्रत्येक खोक, गोंदाचा प्रत्येक थेंब खालून दिसतो. मधला थर हवाच. तो पुन्हा कधीतरी मरणार हे ठाऊक असूनही हवा. कापायची वेळ आली तेव्हा साहजिकच जुनं कापड पसरलं. आई असंच करायची. पोलकं आवडीचं असेल तर जुनं उसवून त्यावरून नवं बेतायची. खडू हातात घेतला आणि तिचं दुसरं वाक्य आठवलं. ते ती शिकायला येणाऱ्या मुलींना ओरडून सांगायची. झोळ पडलेल्या कापडावरून माप घ्यायचं नाही. ते ताणलं गेलेलं असतं, त्याला स्वतःचं माप आठवत नाही. मी जुनं कापड गुंडाळून बाजूला ठेवलं आणि पुठ्ठा सरळ नव्या कापडावर उपडा घातला. उभा धागा गाडीच्या लांबीला, चारही बाजूंनी सहा सेंटिमीटर माया सोडली. मोटारीच्या कामात मायेला काय म्हणतात कोण जाणे.

चिकटवण्याचं काम पाऊण तासाचं आहे आणि त्यात चुकायला फक्त एक सेकंद लागतो. गोंद उष्णता सोसणारा हवा, साधा चालत नाही, हे मागच्या उन्हाळ्यानं शिकवलं होतं. तो पुठ्ठ्यालाही फवारायचा आणि कापडाच्या फोमच्या बाजूलाही, मग दोन्हीकडचा थोडा सुकू द्यायचा. बोटाच्या मागच्या बाजूनं शिवून बघायचं, चिकट लागला पाहिजे पण बोटावर येता कामा नये. ओला असताना लावला तर फोममधून झिरपून कापडावर डाग. फार सुकला तर धरत नाही. आणि एकदा दोन्ही बाजू भेटल्या की उचलून पुन्हा लावता येत नाही. म्हणून कापड मधोमध दुमडायचं, अर्धा भाग आधी करायचा, मधल्या रेषेपासून काठाकडे तळवा फिरवत जायचं. ताणायचं नाही. हात हवा काढण्यापुरता, दाबण्यासाठी नव्हे, नाहीतर फोम चेपतो. झापांच्या जागी पुठ्ठ्याला खळगे असतात. तिथे कापड आधी बोटानं खळग्याच्या तळाला टेकवायचं आणि मगच पुढे जायचं. खळग्यावरून पुलासारखं ताणून नेलं तर पहिल्या उन्हात तेच उचलणार.

दुमडलेलं टोक अधांतरी धरायला माणूस लागतो. बाबांनी धरलं. त्यांना गोंद दिसत नव्हता, खळगा दिसत नव्हता. मी ‘सोडा’ म्हटलं की ते वीतभर खाली सोडायचे, ‘थांबा’ म्हटलं की थांबायचे. त्यांच्या हातात कापड जराही थरथरलं नाही. माझा मात्र एका जागी हात चुकला, मागच्या कोपऱ्याशी, वळणावर. कापड अर्धा सेंटिमीटर जास्त आलं आणि चुणी पडली. करंगळीएवढी. उचलायला गेले असते तर फोम फाटला असता. “पडली का?” बाबा म्हणाले. चुणी पडल्याचा आवाज होत नाही. माझा श्वास थांबला असेल.

दिव्याच्या आणि हँडलांच्या भोकांना खालून आधी छोटा चौक छेद दिला. झाकणाच्या आत मावेल एवढाच, कारण कापड कापता येतं, जोडता येत नाही. माया उलट्या बाजूला वळवून चिकटवली. एक रात्र पुठ्ठा तसाच उताणा ठेवला. रात्री दोनदा उठून बघून आले. काय बघायचं होतं कोणास ठाऊक, गोंद वाळताना दिसत नाही. जुनं कापड कोपऱ्यात गुंडाळलेलं पडलं होतं. तो डाग कापून ठेवावा असं एकदा मनात आलं. मग वाटलं, ठेवून करणार काय, आणि त्याच्या मागे तो फोम, तो तर आणखी वर्षभरात घरभर भुकटी करेल. सकाळी कचऱ्यात टाकलं. अजूनही नक्की सांगता येत नाही की बरं केलं.

दुसऱ्या दिवशी सगळं उलट्या क्रमानं परत बसवलं. तुटलेल्या क्लिपा मोजलेल्या होत्या, पण आणल्या तेव्हा एक कमी पडली. एका खांबाचं आवरण अजून किंचित वाजतं. बॅटरी जोडली, दिवा लागला. फिकट राखाडी, कोरं, ताणलेलं छत. केबिन एकदम मोठी वाटायला लागली, आणि आरशात मागची काच अख्खी. आवाजही बदलला. दार लावलं की आता ‘धप्प’ असा ओलसर आवाज येतो, पूर्वीचा खुळखुळा गेला. दोन दिवस मी सिग्नलला थांबले की वर बघायची. मागच्या कोपऱ्यातली चुणी दर वेळी दिसायची, आणि दर वेळी मी ती दिसली नाही असं करायची.

बाबांना पुन्हा डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली. दार उघडून ते आत बसले. पट्टा ओढून घेतला आणि मान खाली घातली. मी गाडी सुरू केली नाही. काही बोललेही नाही. थोड्या वेळानं त्यांच्याच लक्षात आलं असावं की डोक्याला काही लागत नाहीये. मान हळूहळू वर आली. मग खांदे. मग पाठ सीटला टेकली, आणि ते सरळ समोर बघत बसले, रस्ता दिसत असल्यासारखे. मी बघत होते. हे एवढंच बघायला तर सगळा खटाटोप केला होता, हे तेव्हा स्वतःशी कबूल केलं.

त्यांनी उजवा हात डोक्यावर नेला. एक बोट केसांवर ठेवलं, मग त्यावर दुसरं, तिसरं, चौथं. चौथं बोट नव्या कापडाला टेकलं. ते थांबले. मग बोटं काढली आणि पुन्हा एकदा मोजली, आईच्या टाचण्यांतलं अंतर मोजल्यासारखी, सावकाश.

“अगं,” ते म्हणाले, “छत वर नेलंस की काय?”

फोम जुन्याइतकाच होता, तीन मिलिमीटर. मी पहिला गिअर टाकला.